पेटीतला वारा

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या पंख्यांवर लिहावे, हे पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील. जाऊ द्यात. अलंकार आणि वृत्ते शिकवताना जेवढा घाम मला वीस वर्षांत आला नाही, तेवढा गेल्या ऑक्टोबरात सालवडच्या आमच्या बिऱ्हाडात एका लोखंडी पेटीने काढला, म्हणून हा प्रपंच.

आमची थोरली कन्या वास्तुशास्त्र शिकते. इमारतींची हुबेहूब चित्रे तयार करायला तिला दणकट संगणक हवा होता. तयार घ्यावा तर किंमत आवाक्याबाहेर. तेव्हा लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या दोन फेऱ्या करून तिने सुटे भाग आणले आणि जोडणीही स्वतःच केली. पैसे मात्र माझ्या भविष्यनिर्वाह निधीतले! त्यामुळे पेटी कोठे ठेवायची, हे ठरवण्याचा हक्क मी आपणहून घेतला. दिवाणखान्यातल्या सागवानी कपाटाचा खालचा कप्पा मी तिला बहाल केला. शोभाही राहील आणि औद्योगिक वसाहतीकडून येणारी बारीक धूळही लागणार नाही, असा माझा दूरदर्शी विचार.

पंधरा दिवसांत यंत्र कुरकुरू लागले. रात्री चित्र करायला लावून निजावे आणि पहाटे पाहावे, तो पडदा काळाठिक्कर. फार तापले की संगणकाची मुख्य चिप आधी आपला वेग कमी करते, आणि तरीही उष्णता हटली नाही तर जीव वाचवण्यासाठी सारे बंद करून टाकते. आकडा नव्वद अंशांच्या पुढे जात होता. सत्राचे काम सादर करायला उरले होते आठ दिवस.

मी पुरुषार्थ दाखवला. बोईसरच्या बाजारातून तीन स्वस्त पंखे आणले आणि जिथे रिकामी भोके दिसली तिथे ठोकून दिले. उकडते आहे ना? मग घाला वारा! सगळ्यांची तोंडे आत. घरात गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज होऊ लागला, आणि तापमान उतरण्याऐवजी दोन अंशांनी चढले. कन्या काही बोलली नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते.

कोडे सोडवले सौ.ने. देवापुढची उदबत्ती घेऊन ती कपाटाशी बसली. मागच्या पंख्यातून बाहेर पडलेला धूर कपाटाच्या पाठीवर आपटला, बाजूने पुढे आला आणि समोरच्या जाळीतून पुन्हा आत शिरला. "अहो, हा बिचारा आपलाच उच्छ्वास परत ओढतोय," ती म्हणाली.

पंखा गारवा निर्माण करीत नाही. तो फक्त हवा हलवतो. खोलीत बत्तीस अंश असतील तर पेटीतली हवा एकतिसावर कधीच येणार नाही. आमच्या शेजारचे, 1969 साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीजकेंद्रही समुद्राचे पाणी एकीकडून घेते आणि उष्णता घेतलेले पाणी दुसरीकडून सोडते. मी मात्र घेणे आणि सोडणे एकाच कप्प्यात कोंडले होते.

मग कन्येने मला विद्यार्थी केले. पंख्याच्या ज्या अंगाला आडव्या काड्या आणि लेबल असते, तिकडून वारा बाहेर पडतो. समोरून आत, मागून आणि वरून बाहेर, कारण तापलेली हवा वर चढते. आत येणारा वारा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडा अधिक ठेवावा. म्हणजे पेटीच्या फटींतून हवा बाहेर पडते, धूळ आत शिरत नाही. मात्र आत घेणाऱ्या पंख्यांपुढे जाळी हवी, आणि ती धुवायलाही हवी. (आमच्याकडे दर पंधरवड्याला. ते काम आता माझे.) लहान पंखा भरधाव फिरवण्यापेक्षा एकशेवीस किंवा एकशेचाळीस मिलिमीटरचा मोठा पंखा सावकाश फिरवावा, वारा तेवढाच, गोंगाट कितीतरी कमी. पंखा दाट जाळीमागे बसवायचा असेल तर हवा नेटाने रेटणारा घ्यावा. साध्या बुशचे स्वस्त पंखे उष्णतेत लवकर झिजून घरघरू लागतात. चार तारांचा पंखा घेतला तर मदरबोर्ड तापमान पाहून त्याचा वेग कमीजास्त करतो.

माझे तिन्ही पंखे निघाले. पेटी टेबलावर, खिडकीजवळ पण उन्हापासून दूर आली, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. समोर दोन पंखे आत, मागे एक बाहेर. तिने आधी जोडले होते तसेच. आकडा चौऱ्याहत्तरावर स्थिरावला. त्या रात्री मी दोनदा उठून पाहिले. चित्र चालूच होते. सहाव्या दिवशी काम सादर झाले.

सागवानी कप्प्यात सध्या चकलीचे डबे आहेत.