अढीतला कारभार

झाडावरून उतरवलेला कच्चा हापूस जिवंत असतो की मेलेला? प्रश्न वेडगळ वाटेल, पण उत्तर ऐकून ठेवा: जिवंत, आणि चांगलाच धडधाकट. देठ तुटला, पाणी बंद झालं, पानांकडून येणारं अन्न बंद झालं, तरी श्वास चालूच. तुमच्या-माझ्यासारखाच तो प्राणवायू घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि बरोबर आणलेली शिदोरी जाळत राहतो. खोटं वाटत असेल तर भरलेल्या अढीत, पेंढ्याखाली, मधोमध हात घालून बघा. ऊब लागेल. आंब्यांच्या श्वासाची ऊब आहे ती!

म्हणजे परसात एखादं आंब्याचं झाड, चार केळी आणि टोमॅटोची दहा रोपं असली, की फळ घरात आणल्यावरही तुमचं बागकाम चालूच असतं.

पण आधी फळ उतरवायचं कधी? कोकणातली जाणती माणसं आंब्याचे खांदे बघतात. देठाजवळचा भाग फुगून देठाच्या वर आला, की फळ भरलं. एखाद-दुसरा पाड पडायला लागला, की झाडानेच निरोप धाडला. तरी शंका असेल तर पाण्याची बादली आणा. कोवळा आंबा तरंगतो, भरलेला तळाशी जातो. कारण महिनोन्‌महिने पानांनी पाठवलेल्या साखरेचा आत स्टार्च होऊन फळ पाण्यापेक्षा जड झालेलं असतं. आणि काढताना बोटभर देठ ठेवायचाच. देठ मुळाशी मोडला की चीक उडतो, सालीवर ओघळतो, आणि तिथे काळा डाग पडून पुढे कूज धरते.

आता हे हिरवेगार, दगडासारखे आंबे भाताच्या पेंढ्यात रचायचे, वर पुन्हा पेंढा, खोली अंधारी. आठ-दहा दिवसांत घरभर घमघमाट. आत असं घडतं तरी काय?

याचा धागा सापडला तो आंब्यात नव्हे, रशियातल्या वाटाण्यात. सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत दिमित्री नेल्युबोव नावाचा तरुण अंधारात वाटाणे उगवत होता. बाहेरच्या हवेत सरळ वाढणारे कोंब प्रयोगशाळेत मात्र जाड, खुजे होऊन आडवे पसरायचे. शोध घेता घेता तो दिव्याच्या गॅसपाशी पोहोचला, आणि त्या गॅसमधल्या एका घटकापाशी: इथिलीन. हे 1901 सालचं. 1934 मध्ये रिचर्ड गेन यांनी दाखवून दिलं, की पिकणारं सफरचंद हाच वायू स्वतः तयार करतं. कार्बनचे दोन अणू, हायड्रोजनचे चार. याहून साधे रेणू शोधायला जावं तर फारसे हाती लागत नाहीत. आणि तो वनस्पतींचं संप्रेरक निघाला! संप्रेरक, पण वायुरूप. एका फळाने सोडलं की शेजारच्याला आपोआप पोहोचतं.

त्यापुढची गंमत तर मला सगळ्यात आवडते. इथिलीन फळाला ‘पिक’ असं सांगत असेल, असं आपण समजतो. प्रत्यक्षात फळाच्या पेशींमध्ये इथिलीन ओळखणारी जी प्रथिनं असतात, ती एरवी अखंड ‘नको, नको’ म्हणत बसलेली असतात. त्यांच्या खोबणीत तांब्याचा एक कण असतो. इथिलीन येऊन त्या तांब्याला चिकटलं, की ‘नको’ थांबतं. पिकण्याची सगळी तयारी आत आधीपासून होती. फक्त अडवणारा गप्प झाला.

मग मात्र पळापळ. स्टार्चची साखर होते. आंबटपणा उतरतो. पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं, म्हणून फळ मऊ लागतं. हिरवा रंग मोडतो, केशरी चढतो. केळ्याचा हिशेब बघा: कच्च्याच्या गरात साधारण 20 टक्के स्टार्च, पिवळ्याधमक केळ्यात जेमतेम एक-दोन टक्के. बाहेरून चिमूटभर साखर न घालता! आणि या धावपळीत फळ आणखी इथिलीन सोडतं, त्याने शेजारचं जागं होतं, तेही सोडू लागतं. वर्गात एकाने जांभई दिली की बाकावरून बाकावर जावी, तसं.

पेंढा हा वायू धरून ठेवतो, ऊब धरतो, आणि हवाही थोडी खेळती ठेवतो. चिकू तांदळाच्या डब्यात पुरणाऱ्या आजीचंही हेच तंत्र. मार लागलेलं फळ तर जास्तच इथिलीन सोडतं. तेव्हा एक नासका आंबा अढी नासवतो, ही तक्रार रसायनशास्त्राला मान्य आहे. अढी रोज चाळायची ती म्हणूनच. घाई करणारे व्यापारी कॅल्शियम कार्बाइड वापरतात, त्यातून ॲसिटिलीन निघतं, ते इथिलीनची नक्कल करतं. पण सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश येतात, म्हणून आपल्याकडे त्यावर बंदी आहे.

सगळीच फळं या खेळात नाहीत. टोमॅटोच्या बुडाशी गुलाबी झाक दिसली, की खुशाल काढा. पाखरांच्या आधी तुमचा नंबर लागेल आणि तो घरात लाल होईल. डाळिंब, द्राक्ष, लिंबू यांना मात्र अढी, डबा, काहीही चालत नाही. तोडताना जितकी गोडी, तितकीच.

मग फळ टिकवायला श्वास मंदावायचा तर थंडीत ठेवावं? बरोबर. तापमान दहा अंशांनी उतरलं की श्वास साधारण निम्म्यावर येतो. पण उष्ण प्रदेशातल्या पेशींना थंडी बाधते. फ्रिजमध्ये केळ्याची साल काळी पडते ती पेशींची आवरणं फाटल्यामुळे. कच्चा आंबा तिथे ठेवलात तर तो धड पिकतच नाही. बटाटा थंडीत स्टार्चची साखर करतो आणि तळताना काळपट होतो. कांद्याचं तर तंत्रच निराळं: मान पुरती सुकली, वरचे पापुद्रे कडकडीत वाळले, की तो झोपी जातो. उन्हाळी कांदा खालून वारा खेळणाऱ्या चाळीत चार-सहा महिने टिकतो. घरी जुड्या बांधून टांगल्या तरी चालतं.

आणि कोबी? 2013 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी तोडलेल्या कोबीला रोज बारा तास उजेड, बारा तास अंधार दिला. कोबीने दिवस-रात्रीचं घड्याळ पुन्हा लावून घेतलं! अळ्यांना नकोशी असणारी रसायनं तो वेळापत्रकाप्रमाणे कमी-जास्त करू लागला, आणि ज्याचं घड्याळ अळ्यांच्या घड्याळाशी जुळलेलं होतं, तो कोबी कमी कुरतडला गेला. पालक, गाजर, रताळी यांच्यातही असंच घड्याळ लावता आलं. कोशिंबिरीसाठी ओट्यावर चिरायला घेतलेल्या गाजराला, दुपार झाली आहे की संध्याकाळ, हे ठाऊक असू शकतं.