मधुमेहातील उच्च रक्तदाब

मधुमेह असलेल्या व्यक्तीचा रक्तदाब सातत्याने वाढलेला राहणे, याला मधुमेहातील उच्च रक्तदाब म्हणतात. हे दोन विकार पुष्कळदा एकत्र आढळतात आणि त्यामुळे हृदय, मेंदू, मूत्रपिंडे व डोळे यांना असलेला धोका वाढतो. उच्च रक्तदाबाची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत. म्हणून साखर आटोक्यात असलेल्या रुग्णातही तो मोजल्याशिवाय कळत नाही.

कारणे

टाइप २ मधुमेहात शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद घटतो व रक्तातील इन्शुलिनचे प्रमाण वाढते. त्यामुळे मूत्रपिंडे अधिक सोडियम व पाणी राखून ठेवतात. रक्तवाहिन्यांचा ताठरपणा आणि स्थूलता यांमुळेही दाब वाढतो. टाइप १ मधुमेहात रक्तदाब बहुधा मूत्रपिंडांच्या विकारानंतर वाढतो.

परिणाम

वाढलेल्या दाबाने मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांना इजा होऊन लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागते. इजा वाढल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडून दृष्टी अधू होते. हृदयविकार व पक्षाघात यांचा संभवही वाढतो.

निदान

प्रत्येक तपासणीत रक्तदाब मोजला जातो. चेतातंतूंच्या विकारामुळे उभे राहताच दाब घसरू शकतो, म्हणून काही रुग्णांत तो उभ्यानेही मोजतात. मूत्रपिंडांची स्थिती कळण्यासाठी लघवीतील अल्ब्युमिन तपासतात.

उपचार

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत मधुमेही व्यक्तींसाठी रक्तदाबाचा वरचा आकडा १३० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट सुचवले आहे. अल्ब्युमिन जात असल्यास एसीई रोधक किंवा एआरबी गटातील औषध देतात. दोन्ही गट एकत्र देत नाहीत व गरोदरपणात ती टाळतात. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे, पापड व खारवलेले पदार्थ यांतील मीठही त्यात मोजावे लागते.

ब्रिटनमधील एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात टाइप २ मधुमेहाच्या १,१४८ रुग्णांपैकी ज्यांचा रक्तदाब सरासरी १५४/८७ ऐवजी १४४/८२ राखला गेला, त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण ४४ टक्क्यांनी व मधुमेहाशी निगडित मृत्यूंचे प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी होते.

भारत व महाराष्ट्र

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार २० वर्षे व त्यावरील वयाच्या ११.४ टक्के लोकांत मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांत उच्च रक्तदाब आढळला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे जिल्हे होते. ठरावीक औषधक्रम, जवळच्या आरोग्य केंद्रात औषधे आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची मुख्य अंगे होत.

उपचारातील सातत्य हा ग्रामीण भागातील कळीचा प्रश्न आहे. जालना जिल्ह्यातील अंकुशनगरसारख्या साखर कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामात ऊसतोडणी कामगार येतात, तर जालना व बीड जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे तोडणीसाठी काही महिने बाहेरगावी जातात. अशा रुग्णांकडे पुरेशी औषधे व उपचाराची नोंदपत्रिका असल्यास दुसऱ्या ठिकाणीही उपचार अखंड चालू ठेवता येतात.