पारण्यापूर्वीचे एक दार

आमच्या आजीला घरातील लहानथोर सारेच ‘बाई’ म्हणत. गेल्या चैत्रात बाईंनी शांतपणे देह ठेवला. मृत्यूच्या नोंदीचा अर्ज भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यापुढे मी ‘गृहिणी’ असे लिहिले आणि लेखणी क्षणभर थांबली. शब्द खरा होता, पण त्यात काय काय मावले होते हे अर्ज घेणाऱ्यास कळणार नव्हते. पर्युषण पर्व जवळ येत असताना त्यातील एक आठवण वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी आमचे धान्य-किराण्याचे दुकान आणि त्यामागेच घर. बाईंचा दिवस पहाटेच्या सामायिकाने सुरू होई. त्या 48 मिनिटांत घरात काहीही घडो, बाई आसनावरून उठत नसत. पुढे मात्र सूर्यास्तापर्यंत त्यांना उसंत नसे. पाणी गाळणे, धान्य निवडणे, चौदा-पंधरा माणसांचा स्वयंपाक आणि दिवस मावळण्याआधी सर्वांची ताटे आटोपणे. गोचरीसाठी साध्वीजी आल्या तर त्यांच्याकरिता म्हणून वेगळे काही करायचे नाही, घरच्यांसाठी झालेल्यातूनच भावाने वहरावयाचे, हे सुनांना त्यांनीच शिकविले. शाळा चौथीपर्यंतच झालेली. परंतु आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने पाथर्डी येथे सुरू झालेल्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा त्यांनी लग्नानंतर, मुले सांभाळीत दिल्या.

1972 साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. आमच्या गावाबाहेर खडी फोडण्याचे काम निघाले होते. रेशनवर तांबडी मिलो मिळे, तीही पुरत नसे. कामावरून परतणाऱ्या बाया दुकानापुढे क्षणभर थांबत आणि उधारी आधीच थकलेली असल्याने काही न मागताच पुढे जात. बाईंनी ते माजघरातून पाहिले. दुसऱ्या दिवसापासून मागच्या दाराने पायली-अर्धी पायली ज्वारी जाऊ लागली. त्याची नोंद कोणत्याही वहीत नव्हती.

दुकान मात्र एकट्या आजोबांचे नव्हते. थोरले आजोबा आणि आजोबा या दोघा भावांचे ते सामाईक दुकान होते. वर्षअखेरीस माल मोजला तेव्हा पाच पोती कमी भरली. थोरल्या आजोबांनी हमालावर संशय घेतला, त्याबरोबर बाईंनी पुढे होऊन खरे सांगितले. त्यानंतर जे बोलणे झाले त्याची पुनरुक्ती येथे नको. आडत्यांची देणी डोक्यावर होती आणि थोरल्या आजोबांचा संताप अगदीच अकारण होता असेही म्हणता येणार नाही. पुढच्या दिवाळीला वहीपूजन झाले ते दोन दुकानांत, दोन वेगळ्या वह्यांचे. वाड्याच्या मधोमध भिंत उभी राहिली. ‘हिच्या दानधर्माने घर फोडले,’ हे थोरल्या आजींचे वाक्य बाईंच्या कानी आले आणि तेथेच राहिले.

तेव्हापासून बाईंचा एक नेम सुरू झाला. संवत्सरीचा उपवास, सायंकाळचे प्रतिक्रमण, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पारण्यापूर्वी भिंतीपलीकडच्या त्या दारापर्यंत जाणे. पुढे मी जाणता झाल्यावर त्या मला सोबत नेऊ लागल्या. दारापुढे हात जोडून त्या म्हणत, “भाभीजी, मिच्छामि दुक्कडं.” आतून भांड्यांचा आवाज येई, उत्तर येत नसे. आम्ही परत फिरत असू आणि मगच बाई तोंडात पाणी घेत.

एकदा मी चिडून विचारले, “बाई, गरिबांना धान्य दिलं, यात तुमची चूक काय? क्षमा कशाची मागता?”

बाई म्हणाल्या, “धान्य दिलं त्याची क्षमा मी मागत नाही रे. ते आजही देईन. पण ते दोन घरांचं होतं आणि मी विचारलं नाही. भाभीजींना विचारलं असतं, तर कदाचित त्यांनीही माप भरून दिलं असतं. ती संधीच मी त्यांना दिली नाही. तेवढ्याची मागते.”

मग त्यांनी मला कषायांचा हिशेब समजावला. पंधरा दिवसांत, चार महिन्यांत किंवा वर्षात जो क्रोध विरतो तो अजून हाताबाहेर गेलेला नसतो. वर्ष उलटूनही जो धरून ठेवला जातो तो जन्मोजन्मीच्या बंधनाचे कारण होतो. म्हणूनच पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमण सांगितले आहे. “दिवाळीला वही बंद करतोस ना,” त्या म्हणाल्या, “तशी ही संवत्सरीला करायची. समोरच्यानं त्याची वही बंद केली की नाही, हे आपण बघायचं नाही.”

नऊ वर्षे ते दार उघडले नाही. दहाव्या वर्षी थोरल्या आजींचा वर्षीतप पूर्ण होत होता. अक्षय्य तृतीयेला पारण्याचा समारंभ ठरला. भगवान ऋषभदेवांना श्रेयांसकुमाराने इक्षुरस दिला त्या प्रसंगाचे स्मरण म्हणून तपस्वीला घरचे लोक उसाचा रस पाजतात. रसाचा पहिला पेला घेऊन थोरले आजोबा उभे होते. थोरल्या आजींनी हाताने त्यांना थांबविले आणि म्हणाल्या, “आधी लहान्या जाऊबाईला बोलवा.”

बाई ओल्या हातांनीच गेल्या. दोघी काय बोलल्या ते गर्दीत कोणालाच ऐकू आले नाही. दुकाने पुन्हा एक झाली नाहीत, भिंतही आजतागायत आहे. मात्र त्या वर्षी तिला एक दार पाडले गेले, आणि बाईंच्या अंतकाळी त्याच दारातून थोरल्या आजींच्या सुना दिवसरात्र ये-जा करीत होत्या.

गेल्या संवत्सरीला माझ्या मोबाइलवर क्षमापनेचे तीनशेहून अधिक संदेश आले. मीही तितकेच धाडले. त्यांत माझ्या एका जुन्या भागीदाराचे नाव नव्हते. हिशेबात मी बरोबर होतो, आजही आहे. पण भागीदारी मोडताना चार माणसांसमोर मी जे बोललो, ते हिशेबात बसणारे नव्हते. त्याला संदेश धाडणे सोपे आहे, आणि म्हणूनच तो धाडणार नाही. त्याचे घर आमच्यापासून तीन गल्ल्यांवर आहे. यंदा पारण्यापूर्वी तेथे जाऊन यायचे ठरविले आहे.