सुईने आलेला आजार

हेपॅटायटिस सीचे औषध चालू असताना रोजा धरावा का? आपल्याकडे हा प्रश्न क्वचित कुणी विचारत असेल. इजिप्तमध्ये मात्र तो घराघरातला होता. २००८ च्या पाहणीत तिथे १५ ते ५९ वयाच्या दर शंभर माणसांत सुमारे १५ जणांच्या रक्तात या विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या.

एवढा आजार आला कुठून? औषधातूनच. नाईलच्या कालव्यात उतरणाऱ्या शेतकऱ्यांना बिलहार्झिया हा जंतांचा आजार जडायचा. १९५० ते १९८० च्या दशकांत सरकारने त्यावर गावोगाव इंजेक्शने दिली. काचेच्या सिरिंजा त्याच पुन्हा वापरायच्या, नीट उकळायला उसंत नाही आणि एकेका रोग्याला अनेकदा टोचायचे. त्यातून एकाचे रक्त दुसऱ्याच्या अंगात गेले. विषाणूची ओळख पटली १९८९ साली. तोवर टोचणाऱ्यालाही पत्ता नव्हता.

हा विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप यकृत पोखरतो. जुना उपचार म्हणजे आठवड्याला इंटरफेरॉनची सुई (पुन्हा सुईच!) आणि रोज दोन वेळा रिबाव्हिरिन, तेही ४८ आठवडे. ताप, अंगदुखी, रक्त कमी होणे, मन खचणे, आणि इतके सोसून बरे व्हायचे जेमतेम निम्मे.

२०१३ च्या अखेरीस सोफोसबुव्हिर आले. विषाणू ज्या यंत्रणेने आपल्या नकला काढतो, तीच ते बंद पाडते. पण हा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जोडीला डॅक्लाटास्व्हिर देतात. ते दुसऱ्याच ठिकाणी घाव घालते. एकाला चुकवले तरी दोघांना चुकवणे अवघड. बहुतेकांना दिवसातून एकदा, १२ आठवडे, आणि शंभरात ९५ हून अधिक बरे.

अमेरिकेत सोफोसबुव्हिरच्या १२ आठवड्यांची किंमत होती ८४,००० डॉलर. इजिप्तने घासाघीस करून ती ९०० वर आणली, पुढे देशातच औषध बनवले. २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत सुमारे पाच कोटी प्रौढांची तपासणी केली, उपचार मोफत दिले. ज्या सरकारच्या सुईने आजार पसरला, तेच लोकांना शोधत आले. मला यातले मोठेपण औषधाइतकेच यात वाटते.

रोजाचे म्हणाल, तर ही जोडी रोज ठरलेल्या वेळी, इफ्तारनंतर किंवा सहेरीला घेता येते. यकृत आकसले असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच रोजा. आजाऱ्याला तो नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआनातच आहे. औषधाआधी हेपॅटायटिस बीची तपासणीही हवीच.

आपल्याकडेही जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ठरावीक सरकारी रुग्णालयांत तपासणी व औषधे मोफत मिळतात. एका थाळीत इफ्तार केल्याने किंवा गळाभेटीने हा आजार पसरत नाही. तो रक्तातून जातो: वापरलेली सुई, गोंदणे, वस्तरा. त्यावर लस नाही, आणि बऱ्या झालेल्यालाही तो पुन्हा होऊ शकतो. ईदच्या आदल्या रात्री सलूनमध्ये कितीही गर्दी असली, तरी नवे ब्लेड आपल्यासमोर फोडायला सांगावे.