सातबाऱ्यामागचा डेटाबेस: फ्रेमवर्क कोणते निवडावे?

डेटाबेसमधून माहिती काढून वेब ॲप्लिकेशनला देणे आणि नवी माहिती डेटाबेसात नोंदवणे, हे काम डेटाबेस ॲक्सेस फ्रेमवर्क करते. ते निवडताना काय पाहावे, हे सातबाऱ्याच्या उदाहरणातून चांगले समजते. महाभूलेख संकेतस्थळावर अमरावती विभाग, यवतमाळ जिल्हा, तालुका आणि गाव निवडून गट क्रमांक दिला की त्या गटाचा उतारा मिळतो. असे ॲप्लिकेशन नव्याने बांधायचे झाल्यास गाव, गट, खातेदार, फेरफार आणि पिके यांची वेगवेगळी टेबले लागतील. एका गटात अनेक खातेदार असतात आणि एकाच खातेदाराचे अनेक गट असू शकतात, म्हणून ही टेबले एकमेकांत गुंतलेली असतात.

टेबलांची ही पद्धत एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. तिच्यावर आधारलेल्या डेटाबेसशी बोलण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. प्रोग्रॅम मात्र बहुधा ऑब्जेक्टच्या रूपात लिहिले जातात. या दोन मांडण्या जुळवण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग थेट एसक्यूएलचा. जावामध्ये १९९७ पासून असलेली जेडीबीसी ही त्याची जुनी सोय. प्रत्येक क्वेरी हाताने लिहिली जात असल्याने ताबा पूर्ण राहतो, पण तेच ते कोड पुन्हा पुन्हा लिहावे लागते.

दुसरा मार्ग ओआरएमचा, म्हणजे ऑब्जेक्ट आणि टेबल यांची सांगड घालणाऱ्या फ्रेमवर्कचा. जावाचे हायबरनेट, डॉटनेटचे एंटिटी फ्रेमवर्क आणि पायथनच्या जँगोमधील ओआरएम ही त्याची परिचित उदाहरणे. फेरफार मंजूर होताना जुने नाव कमी होते, नवे नाव लागते आणि फेरफार क्रमांक नोंदला जातो. हे सारे एकत्रच व्हावे किंवा काहीच होऊ नये. असे बदल डेटाबेसच्या एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) नोंदवणे ओआरएममुळे सोपे होते.

त्याचा धोका मात्र नजरेआड राहतो. यवतमाळ जिल्ह्यातील १६ तालुक्यांची यादी एका क्वेरीत आली आणि पुढे प्रत्येक तालुक्याची गावे स्वतंत्रपणे मागवली गेली, तर एका पानासाठी १७ क्वेरी होतात. हेच गावागावाच्या गटांबाबत घडले, तर ॲप्लिकेशन रखडते. संबंधित माहिती एकत्र मागवण्याची सूचना फ्रेमवर्कला देऊन हे टाळता येते. त्यासाठी आत कोणती क्वेरी चालते हे पाहण्याची सवय हवी.

तिसरा मार्ग मधला. जावाचे मायबॅटिस किंवा डॉटनेटचे डॅपर वापरताना एसक्यूएल प्रोग्रॅमर लिहितो आणि आलेल्या ओळींचे ऑब्जेक्ट फ्रेमवर्क बनवते. कापूस, सोयाबीन आणि तुरीचे तालुकानिहाय क्षेत्र काढण्यासारख्या अहवालांना हा मार्ग अधिक मानवतो, कारण बेरीज आणि गटवारी डेटाबेसच उत्तम करतो.

म्हणून निवड कामाच्या स्वरूपावरून करावी. नोंदी भरणे आणि दुरुस्त करणे जास्त असेल तर ओआरएम, गुंतागुंतीचे अहवाल जास्त असतील तर मधला मार्ग, आणि मोजक्याच क्वेरी असतील तर थेट एसक्यूएल पुरते. एकाच ॲप्लिकेशनमध्ये दोन मार्गही सुखाने नांदतात. मार्ग कोणताही असो, वापरकर्त्याने भरलेला मजकूर क्वेरीत थेट जोडू नये; तो पॅरामीटर म्हणूनच द्यावा, नाहीतर घुसखोराला वाट मिळते. शेवटचा निर्णय दहा-वीस नमुना नोंदींवर न घेता प्रत्यक्षात अपेक्षित असलेल्या नोंदींइतकी माहिती भरून, क्वेरींची संख्या आणि वेळ मोजून घ्यावा.