तेजाबाची सवय आणि तेजाबाचा धोका

नांदेड आणि लातूरच्या बाजारपेठांत रसायनांशी रोज संबंध येणारे आपले अनेक बांधव आहेत. कोणी बॅटऱ्या दुरुस्त करतो, कोणी सोने-चांदी गाळतो, कोणी भांड्यांना कलई करतो, तर कोणी महाविद्यालयाच्या किंवा रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. धोक्याचा विषय काढला की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "इतकी वर्षे झाली, काही झाले नाही." हे उत्तर तपासून पाहणे आम्हास गरजेचे वाटते.

रोज हाताळलेल्या वस्तूचे भय वाटेनासे होते, हा मनुष्यस्वभाव आहे. लातूर जिल्ह्याने त्याची मोठी किंमत मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या जाड भिंतींखाली दबून हजारो लोक मरण पावले. ज्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या भरवसा होता, त्याच अंगावर आल्या. दुकानातील तेजाबाच्या बाटलीवरही आपला असाच भरवसा बसलेला आहे.

प्रथम गलाईचे काम पाहू. शोऱ्याचे तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड, चांदी किंवा तांब्यावर पडले की तपकिरी धूर निघतो. हा नायट्रोजन डायऑक्साइड होय. त्याने थोडा खोकला येतो, घसा चुरचुरतो, मग बरे वाटते आणि कारागीर पुन्हा कामाला लागतो. फसगत येथेच होते. धूर जास्त गेला असेल तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसांत पाणी भरते आणि जीवावर बेतते. म्हणून असा धूर छातीत गेल्यास बरे वाटत असले तरी रुग्णालयात जावे आणि कशाचा धूर होता ते डॉक्टरांना सांगावे.

बॅटरीच्या दुकानातील धोका संथ आहे. गंधकाचे तेजाब कातडी जाळते, ते लगेच कळते; शिशाची धूळ मात्र कळत नाही. ती हातावरून जेवणात आणि कपड्यांवरून घरात जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिसे विशेष घातक असते. कामाचे कपडे दुकानातच बदलावेत, साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ-पिऊ नये आणि अधूनमधून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. तेथे विडी पेटवणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण होय.

जाणकार माणूसही यातून सुटत नाही. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या रबरी हातमोज्यावर १९९६ साली पाऱ्याच्या एका संयुगाचे काही थेंब पडले. हातमोजा त्याला अडवू शकला नाही आणि १९९७ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. कोणत्या रसायनाला कोणता हातमोजा चालतो, हे विचारून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

पुढील नियम बिनखर्चाचे आहेत. पातळ करताना तेजाब पाण्यात हळूहळू सोडावे. तेजाबात पाणी कधीही ओतू नये, ते उसळून तोंडावर येते. थंड पेयाच्या बाटलीत रसायन ठेवू नये, प्रत्येक बाटलीवर नाव लिहावे. अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावे. चुना, सोडा लावू नये. पोटात गेल्यास उलटी करवू नये. धुराचे काम उघड्या हवेत किंवा पंख्याने धूर बाहेर जाईल अशा जागी करावे.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार तेजाब विकणाऱ्याने खरेदीदाराची नोंदवही ठेवावी, ओळखपत्र पाहावे, कारण विचारावे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस ते विकू नये. न कळवलेला साठा जप्त होऊन ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षणसंस्था, प्रयोगशाळा व रुग्णालये यांनाही तेजाबाच्या वापराची नोंद बंधनकारक आहे.

आमचे शेवटचे सांगणे उस्तादांना आहे. शागीर्द हुनर शिकतो तशी बेफिकिरीही उस्तादाकडूनच शिकतो. उस्तादाने चष्मा लावला तर शागीर्द लावील. शिकायला आलेल्या पोराचे डोळे आणि छाती शाबूत ठेवणे, ही त्या हुनराचीच जबाबदारी आहे.