षष्ट्यब्दीची थैली

मनुष्याने साठ वर्षे पुरी केली म्हणजे त्याचा सोहळा करावा, या आपल्याकडील रीतीमागे कालगणनेचा एक हिशेब आहे. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांचे चक्र एकदा फिरून आले, की ज्या संवत्सरात तो जन्मला तेच संवत्सर त्याच्या दारी पुन्हा येऊन उभे राहते, आणि आयुष्याच्या या दुसऱ्या आरंभी उग्ररथ शांती करून आजवरचे ऋण काही अंशी फेडावे, अशी कल्पना आहे. त्या शांतीत होमहवनाच्या जोडीने दानालाही स्थान असते. गाय, भूमी, तीळ, सुवर्ण, तूप, वस्त्र, धान्य, गूळ, रुपे आणि मीठ ही दशदाने सांगितलेली आहेत. गाय आणि भूमी यांची बोळवण बहुधा दक्षिणेच्या एखाद्या नाण्यावर होते, ही गोष्ट वेगळी.

या घरगुती दानाला सार्वजनिक रूप आले ते थैलीच्या प्रथेने, आणि तिचे ठळक उदाहरण लोकमान्य टिळकांचे. शके १७७८ च्या नल संवत्सरात जन्मलेल्या टिळकांना शके १८३८ मध्ये तेच संवत्सर पुन्हा लाभले, आणि २३ जुलै १९१६ रोजी पुण्यास गायकवाड वाड्यात झालेल्या समारंभात लोकांनी वर्गणीने जमविलेली एक लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण करण्यात आली. मंडालेहून सुटून ज्यांना दोनच वर्षे झाली होती, त्यांनी ती रक्कम घरखर्चास ठेवून घेतली असती, तरी कोणी बोट दाखविले नसते; त्यांनी ती राष्ट्रकार्याला वाहिली. सरकारनेही या सोहळ्यास आपला आहेर पाठविला. बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांबद्दल सद्वर्तनाची हमी का घेऊ नये, अशी नोटीस त्याच सुमारास टिळकांवर बजावण्यात आली, आणि पुढे वीस हजारांचा जातमुचलका व प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन देण्याचा हुकूम झाला. बॅरिस्टर जिनांनी टिळकांची बाजू मांडली, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द ठरविला. एका पावसाळ्यात हाती लाखाची थैली आणि डोक्यावर चाळीस हजारांची हमी, असा वाढदिवस क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल.

थैलीची मोठी सोय ही, की लोकांच्या कृतज्ञतेला माणूस मिळे, पैशाला कार्य मिळे, आणि मधला सत्कारमूर्ती त्या ऐवजाचा केवळ विश्वस्त राही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेतच कस्तुरबांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या स्मारकनिधीसाठी गांधीजींच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसापर्यंत पंचाहत्तर लाख रुपये जमवावेत असे ठरले. प्रत्यक्षात आकडा कोटीच्या पुढे गेला, आणि तो पैसा खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी राखून ठेवण्यात आला.

आजची एकसष्टी वा पंचाहत्तरी इतक्या थोर माणसांची नसते, परंतु ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ निमंत्रणपत्रिकेवर छापून सत्कारमूर्तीने एखाद्या वसतिगृहाला देणगी द्यावी, हा प्रघात शहरांतून चांगलाच रुळला आहे. अडचण निराळीच आहे. दात्याला रविवार हवा असतो, पक्वान्न हवे असते, आणि मुलांच्या पंगतीत आपण स्वतः वाढतो आहोत असे छायाचित्रही हवे असते; परिणामी एकाच दुपारी तीन दात्यांचे श्रीखंड येऊन थडकते आणि मंगळवारच्या आमटीभाताला कोणी वाली राहत नाही. फळ्यावर ‘आजचे भोजन अमुक यांच्या एकसष्टीनिमित्त’ असे खडूने लिहिता येते. वीजबिलाच्या बाबतीत तसे लिहिण्याची पद्धत अद्याप पडलेली नाही. कायम ठेवीच्या व्याजातून दरवर्षी एका तिथीला जेवण घालण्याची योजना पुष्कळ संस्थांत आहे, आणि ती मला अधिक शहाणपणाची वाटते. मात्र तीस वर्षांपूर्वी ठेवलेल्या रकमेच्या व्याजात आज भाजीही येत नाही, आणि दिलेला शब्द मोडवत नाही म्हणून संस्था ती तिथी पदरमोड करून पाळते. म्हणून जुन्या ठेवीत भर घालणे हेही वाढदिवसाचे दान होऊ शकते, हे त्या घराण्यांतील पुढच्या पिढीने लक्षात घ्यावे.

कायद्याचाही थोडा भाग आहे. प्राप्तिकरातील सवलत दोन हजारांवरील रोख देणगीला मिळत नाही, आणि धान्य, कपडे अशा वस्तुरूप दानाला तर मुळीच नाही. तेव्हा सवलत हवी असणाऱ्याने धनादेश द्यावा, पावती मागून घ्यावी, आणि रक्कम कायम निधीसाठी असल्यास तसे लेखी कळवावे. त्याआधी व्यवस्थापकाला या महिन्यात कशाची नड आहे हे विचारावे, आणि भिडेखातर तो ‘आपल्या इच्छेप्रमाणे’ म्हणाला तर पुन्हा एकदा विचारावे. दुसऱ्या खेपेस तो बहुधा बंद पडलेल्या पंपाचे किंवा स्वयंपाकिणीच्या थकलेल्या पगाराचे नाव घेईल.